घाटात बंद पडणारी जुनी गाडी आणि तिच्यात सापडलेले दोन निराळे विद्युत दोष

चिपळूणहून कऱ्हाडकडे निघाले, की अलोरे आणि पोफळी मागे पडल्यावर कुंभार्ली घाटाची चढण लागते. आमची २००४ सालची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी या चढणीवर, माथा गाठण्याच्या आत कुठेतरी, कसलीही पूर्वसूचना न देता बंद पडत असे. आणि बॉनेट उघडे ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबले, की काही घडलेच नाही अशा थाटात पहिल्या सेल्फला सुरू होत असे. गॅरेजमध्ये नेली की ती तासभर जागेवर सुरळीत चाले आणि मिस्त्री माझ्याकडे ज्या नजरेने पाहत, ती नजर दवाखान्याच्या पायरीवर दाढदुखी थांबलेल्या माणसालाच समजेल. हा त्रास पावणेदोन वर्षे चालला. तेवढ्या काळात बॅटरी, इग्निशन कॉइल आणि टाकीतली पेट्रोलची मोटर अशा तीन वस्तू बदलून झाल्या, साडेतेरा हजार रुपये खर्ची पडले आणि काढून टाकलेल्या तिन्ही वस्तू निर्दोष होत्या, हे मागाहून कळले. अखेरीस जे दोन दोष सापडले, त्यांच्या दुरुस्तीचे सामान हजार रुपयांच्या आत आले.

पुढील विवेचन साधारणपणे २००० ते २०१० या काळातल्या, इंजेक्टरवर चालणाऱ्या पेट्रोल गाड्यांना लागू पडेल. प्रदूषणाची भारत स्टेज मानके २००० सालापासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली तसा कार्ब्युरेटर मागे पडला आणि पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी कधी पाडायची हे ठरवणारा संगणक, म्हणजे ईसीएम, छोट्या गाड्यांतही आला. त्याआधीच्या गाडीचे इंजिन घाटात गुदमरले, की इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपावर ओले फडके घालून आतली वाफ बसण्याची वाट पाहत असत, आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतही असे. ईसीएमच्या गाडीला हा उपाय चालत नाही. तिला अखंड विद्युत पुरवठा लागतो आणि तो अर्धा सेकंद जरी तुटला, तरी धडधाकट इंजिन जागच्या जागी थांबते.

आधी वही, मग पाना

माझी मूळ चूक अशी झाली, की ‘गाडी मध्येच बंद पडते’ या एका वाक्यात मी दोन निरनिराळ्या तक्रारी कोंबल्या होत्या आणि प्रत्येक मिस्त्रीला तेच एक वाक्य ऐकवत होतो. साहजिकच प्रत्येकाने आपापल्या अनुभवातले सर्वांत वरचे कारण उचलले. मोटर बदलून झाल्यावरही गाडी बंद पडली, तेव्हा मी एक शाळकरी वही घेऊन समोरच्या कप्प्यात ठेवली आणि गाडीने केलेली प्रत्येक कुरकुर तीत लिहू लागलो. वेळ, हवामान, तापमानाचा काटा कुठे होता, टाकीत पेट्रोल किती होते, दिवे, वायपर, पंखा यांपैकी काय चालू होते, इंजिन नेमके कशा रीतीने थांबले आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला, एवढेच रकाने होते. त्यातल्या दोन नोंदी उदाहरणादाखल उतरवतो. ‘सायंकाळी ७.१०, सावर्डे, जोराचा पाऊस, दिवे व वायपर चालू, खड्ड्यातून जाताना चार-पाच आचके, मग बंद, लगेच सुरू.’ आणि दुसरी, ‘सकाळी ११.४०, कडक ऊन, घाट, दुसरा गिअर, आचका नाही, किल्ली फिरवल्यासारखी एकदम बंद. बारा मिनिटांनी सुरू.’

एकोणीस नोंदी झाल्यावर त्या आपोआप दोन गटांत पडल्या. अकरा नोंदी रात्रीच्या किंवा पावसाच्या होत्या, त्यांत इंजिन आचके देत थांबले होते आणि तत्काळ सुरू झाले होते. उरलेल्या आठ नोंदी उन्हाच्या आणि चढणीच्या होत्या, त्यांत इंजिन एका क्षणात थांबले होते आणि निवल्याखेरीज सुरू झाले नव्हते. दोन्ही गटांचे मूळ एकच असेल, असे मानायला तेव्हाही जागा नव्हती. परंतु वही लिहीपर्यंत हे दोन गट आहेत हेच मला ठाऊक नव्हते.

इंजिन थांबण्याच्या रीतीवरून बरेच काही कळते. गाडी गिअरमध्ये असून धावत असताना इंजिन बंद पडले, तरी चाके त्याला काही काळ फिरवत राहतात. अशा वेळी आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, काटा गाडी धावत असतानाच शून्यावर पडला, तर ठिणगीची बाजू किंवा ईसीएमचा पुरवठा तुटला आहे, असे समजावे. काटा गाडीच्या वेगाबरोबर सावकाश खाली येत असेल, ओढ हळूहळू कमी होत असेल आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी झटके मारत असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे, असे समजावे. मात्र पेट्रोल कमी पडण्याचे कारणही विद्युत असू शकते, हे माझ्या गाडीने मला पुढे शिकवले.

रस्त्याच्या कडेला

घाटात इंजिन थांबले, तर चाचण्यांचा विचार नंतर करावा. ब्रेकच्या बूस्टरमध्ये उरलेली निर्वात शक्ती दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंतच पुरते, पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि घाबरून किल्ली बाहेर ओढली तर स्टिअरिंगला कुलूप पडते. म्हणून किल्ली न काढता, ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरून गाडी कडेला घ्यावी, हँडब्रेक ओढावा, चारही इंडिकेटर लावावेत आणि मागच्या चाकाला दगड लावून त्रिकोण मांडावा. बॉनेट त्यानंतर.

गाडी बंद पडलेली असते ती दहा-पंधरा मिनिटेच खरी मौल्यवान असतात, कारण दोष तेवढाच वेळ उघड्यावर असतो. आम्ही सगळे ती मिनिटे चहाची टपरी शोधण्यात घालवतो. त्याऐवजी किल्ली पूर्ण बंद करून पुन्हा ‘ऑन’वर आणावी आणि चेक इंजिनचा दिवा लागतो का ते पाहावे. इंजिन सुरू नसताना तो लागलाच पाहिजे. तो ईसीएमच लावतो, त्यामुळे तो लागला नाही तर बहुतेक गाड्यांत ईसीएमला पुरवठा पोहोचत नाही, असा अर्थ होतो. मग मागच्या सीटला कान लावून दुसऱ्या माणसाला किल्ली ‘ऑन’ करायला सांगावे. पेट्रोलची मोटर दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबते, ती गुणगुण ऐकू आली पाहिजे. शेवटी सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे पाहावे, तो थोडा तरी थरथरला पाहिजे. दिवा लागतो, मोटर गुणगुणते, सेल्फ जोरात फिरतो आणि काटा मात्र मेल्यासारखा पडून राहतो, ठिणगीही येत नाही, असे चित्र दिसले तर इंजिनाचे फिरणे टिपून ईसीएमला कळवणारा क्रँक सेन्सर किंवा डिस्ट्रिब्युटरमधला पिकअप हा पहिला संशयित. त्यातली बारीक तार गरम झाल्यावर तुटते आणि थंड झाल्यावर जुळते, त्यामुळे हा दोष अगदी माझ्या गाडीसारखाच दिसतो. दोन मिस्त्रींनी माझ्या गाडीच्या बाबतीत त्याचेच नाव घेतले होते आणि ऐकीव लक्षणांवरून ते चूकही नव्हते. फक्त घाटात बंद पडलेली असताना माझ्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागतच नव्हता, ही गोष्ट कोणी पाहिली नव्हती. मीसुद्धा नाही.

पत्र्याचे अर्थिंग

पहिला गट, म्हणजे पावसातले आचके, आधी सुटला. वहीत एक किरकोळ वाटणारी गोष्ट पुन्हा पुन्हा आली होती. रात्री उजवा इंडिकेटर लावला, की डॅशबोर्डचे दिवे त्याच्या तालावर मिणमिणत. हेडलाइट लावले, की पेट्रोलचा काटा जागचा हलत असे. वायपर आणि काचेचा पंखा एकदम चालवले, तर वायपर रेंगाळत. एकमेकांशी संबंध नसलेली चार उपकरणे एकाच वेळी विचित्र वागू लागली, तर त्या चारांमध्ये दोष शोधू नये. चौघांची सामायिक वाट शोधावी.

ती वाट बहुधा अर्थिंगची असते. घरातल्या अर्थिंगच्या कल्पनेने येथे फसगत होते, कारण घरी अर्थिंग हे सुरक्षिततेसाठी असते आणि एरवी त्यातून वीज वाहत नाही. गाडीत मात्र संपूर्ण पत्रा हीच परतीची वायर असते. दिवे, वायपर, हॉर्न, पेट्रोलची मोटर या सर्वांची वीज पत्र्यातूनच बॅटरीच्या ऋण टोकाला परत येते. आमच्या गाडीत त्या टोकापासून दोन वायरी निघतात. जाड वायर गिअरबॉक्सला जाते आणि सेल्फची वीज तिच्यातून वाहते. दुसरी, बोटाच्या निम्म्या जाडीची, बॅटरीच्या ट्रेखाली पत्र्याला एका बोल्टने घट्ट केलेली असते. जाड वायर उत्तम होती, म्हणून सेल्फ खणखणीत फिरत होता. आणि सेल्फ खणखणीत फिरतो म्हटल्यावर बॅटरी आणि अर्थिंग यांच्याकडे पुन्हा कोणी पाहिले नाही.

मी मात्र पाहिले होते, आणि चुकीच्या रीतीने पाहिले होते. मल्टिमीटर रोधाच्या खुणेवर ठेवून एक पिन पत्र्याला व दुसरी ऋण टोकाला लावली, मीटरने जवळपास शून्य दाखवले आणि मी समाधानाने झाकण लावले. मल्टिमीटर रोध मोजताना अत्यल्प वीज सोडतो. वीस-पंचवीस तारांच्या वायरीतली एकच तार शाबूत असेल, तरी तेवढ्या विजेला ती पुरते आणि मीटर सगळे ठीक असल्याचा निर्वाळा देतो. ओझे पडल्यावर काय होते, हे मोजायचे असेल तर ओझे टाकूनच मोजले पाहिजे.

त्याची रीत साधी आहे. इंजिन चालू ठेवून हेडलाइट, वायपर, काचेचा पंखा आणि मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही चालू करावा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल पिन पत्र्यावरच्या रंग नसलेल्या एखाद्या बोल्टला आणि काळी पिन बॅटरीच्या ऋण खांबाला, म्हणजे टर्मिनलच्या पकडीला नव्हे तर शिशाच्या खांबालाच, टेकवावी. दोन्ही ठिकाणे कागदोपत्री एकच असल्यामुळे मीटरने शून्याच्या जवळ काहीतरी दाखवावे, ०.१ व्होल्टपर्यंत उत्तम, ०.२ व्होल्टच्या वर गेले तर वाट खराब. आमच्या गाडीने १.९ व्होल्ट दाखवले. वायर हाताने हलवली, तेव्हा आकडा तीनच्या वर उडाला.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन दिवे मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात, पंखा, वायपर आणि हीटर धरले तर एकूण ओझे पंचवीस अँपिअरच्या आसपास जाते. पंचवीस अँपिअरला १.९ व्होल्ट गळत असतील, तर त्या जोडाचा रोध सुमारे ०.०७६ ओहम होतो. साध्या मल्टिमीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी तो याच्यापेक्षा जास्त दाखवतो, तेव्हा रोधाच्या खुणेवर हा दोष दिसणे शक्यच नव्हते. शिवाय १.९ गुणिले पंचवीस म्हणजे सुमारे साडेसत्तेचाळीस वॅटची उष्णता त्या एका बोल्टात मुरत होती. एखाद्या सोल्डरिंग आयर्नची असते तेवढी. मी बोल्टाला बोट लावले आणि चटका बसून मागे घेतले. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा दोष हाताला लागला, तो असा.

बॅटरीची ऋण वायर सोडवून ट्रे बाहेर काढला, तेव्हा खाली जे दिसले ते पाहून वाईट वाटले. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बुडाले, त्या दिवशी आमच्या आळीत पाणी गाडीच्या दाराच्या खालच्या कडेच्या थोडे वरपर्यंत आले होते. गालिचे काढून वाळवले, तेल बदलले आणि गाडी सुरू झाली म्हणून आम्ही सुटलो असे समजलो. ट्रेखालच्या या बोल्टाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. गाळाचे पाणी, त्यावर बॅटरीतून सांडणारे आम्ल आणि कोकणची दमट हवा असे तिन्ही मिळून वायरीचे टोक पुरते कळकले होते. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवल्यावर जो हिरवा थर येतो, तोच येथे तांब्यावर आला होता आणि थिंबल, म्हणजे टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी, उचलताच वायरीच्या तारा भुश्यासारख्या गळून पडल्या.

दुरुस्ती तासाभराची होती. पत्रा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, दहा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला दोन्ही टोकांना थिंबल दाबून बसवले, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली. जेली आधी लावायची नाही. पुन्हा सगळे ओझे टाकून मोजले, तर ०.०४ व्होल्ट. पावसातल्या आचक्यांचा उलगडाही त्यातच झाला. पेट्रोलच्या मोटरीची परतीची वाटही पत्र्यातूनच असल्यामुळे दिवे आणि वायपर चालू असताना तिला मिळणारा विजेचा दाब अकरा व्होल्टपर्यंत उतरत असे, आणि खड्ड्यात तो जोड हलला की दहाच्याही खाली जात असे. मोटर मंदावली की पेट्रोलचा दाब पडे आणि इंजिन आचके देई. नवी मोटर बसवूनही आचके का थांबले नाहीत, हे आता निराळे सांगायला नको.

डॅशबोर्डवरचे दोन दिवे

अर्थिंग दुरुस्त झाल्यावर पहिल्या गटाची नोंद वहीत पुन्हा कधी झाली नाही. घाटातले बंद पडणे मात्र जसेच्या तसे राहिले. एक दोष सापडला म्हणजे शोध संपला, असे मानण्याचा मोह येथे फार होतो आणि मीही महिनाभर त्याला बळी पडलो.

नंतरच्या खेपेला गाडी बंद पडल्यावर वर सांगितलेल्या तीन चाचण्या केल्या. चेक इंजिनचा दिवा लागला नाही, मोटर गुणगुणली नाही, हॉर्न आणि सेल्फ मात्र ठणठणीत. म्हणजे ईसीएम उपाशी होता, आणि त्याला उपाशी ठेवू शकणाऱ्या जागा चारच होत्या. त्याचा फ्यूज, इग्निशन स्विच, मुख्य रिले (आतल्या कॉइलला थोडी वीज मिळाली की मोठा पुरवठा जोडणारा स्विच) आणि त्याचे स्वतःचे अर्थिंग. गाडीच्या संगणकात दोषाचा कोणताही कोड का सापडत नव्हता, तेही याच वेळी ध्यानात आले. पुरवठाच गेला तर कोड लिहून ठेवायला ईसीएम जागा नसतो. नोंद करणारा कारकूनच बेशुद्ध पडल्यावर रजिस्टर कोरे राहायचेच. म्हणून स्कॅनरवर काही आले नाही याचा अर्थ दोष नाही असा करू नये, आणि जुन्या गाड्यांत दर दुरुस्तीला बॅटरीची वायर काढली की असलेले कोडही पुसले जातात, हेही विसरू नये.

चार संशयितांमधून एक निवडण्यासाठी मी गाडीच्या पार्किंगचे पाच-पाच वॅटचे दोन बल्ब डॅशबोर्डवर चिकटपट्टीने लावले. पहिल्याला वायर आणली ती इग्निशन स्विचकडून मुख्य रिलेच्या कॉइलला जाणाऱ्या वायरीवरून, दुसऱ्याला आणली ती त्याच रिलेमधून ईसीएमकडे निघणाऱ्या वायरीवरून. दोन्ही वायरींना, जेथून पुरवठा घेतला त्या टोकाला लगेच, दोन अँपिअरचा फ्यूज घातला, कारण घासून उघडी पडलेली लांब वायर गाडी पेटवू शकते. पहिला दिवा विझला तर स्विच दोषी, पहिला चालू राहून दुसरा विझला तर रिले किंवा त्याला पुरवठा देणारा फ्यूज दोषी, दोन्ही चालू राहूनही इंजिन थांबले तर ईसीएमचे अर्थिंग किंवा त्याच्या पुढचे काही, असा साधा निवाडा होता. आमच्या गाडीत रिलेच्या कॉइलला इग्निशनमधून थेट पुरवठा आहे. काही गाड्यांत ती कॉइल ईसीएम स्वतः चालवतो, तेव्हा आपापल्या गाडीचा वायरिंगचा नकाशा पाहिल्याखेरीज हा प्रयोग करू नये.

एप्रिलमधल्या भर दुपारी आम्ही घाटाच्या तीन खेपा केल्या. मी गाडी चालवत होतो आणि पत्नी शेजारी बसून दिव्यांवर नजर ठेवून होती. हे काम तिच्यावर सोपवले ते बरे झाले, कारण चालकाने वळणावर बल्बकडे पाहणे म्हणजे दोष शोधता शोधता दरी शोधणे. तिसऱ्या खेपेला, माथा दीड-दोन किलोमीटरवर असताना ती म्हणाली, “अहो, दुसरा गेला,” आणि तिचे वाक्य संपायच्या आत इंजिन थांबले. पहिला दिवा शांतपणे जळत होता. गाडी कडेला घेऊन मी डॅशबोर्डखाली हात घातला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रिलेला हलकेच टिचकी मारली. ‘टक्’ असा आवाज झाला आणि दुसरा दिवा लागला.

घरी आल्यावर रिलेची टोपी काढली. आत नखाएवढी छापील सर्किटची पट्टी होती आणि तिच्यावर पायांच्या जोडांचे सोल्डरचे ठिपके. नुसत्या डोळ्यांना ते धड दिसले. घड्याळजीकडचे भिंग आणून तिरप्या उजेडात पाहिले, तेव्हा एका ठिपक्यात पायाभोवती केसाएवढी, पूर्ण वर्तुळाकार भेग दिसली. थंड असताना तिच्या दोन्ही कडा टेकलेल्या राहत. चढणीवर डॅशबोर्डखाली उष्णता वाढली आणि रिले स्वतःही तापला, की त्या कडा कागदाएवढ्या विलग होत. तो ठिपका पुन्हा सोल्डर करून रिले बसवला आणि चौथी खेप केली. गाडी माथ्यावरून कोयनानगरपर्यंत एका दमात गेली. दोष सिद्ध झाल्यावर मी नवा रिले बसवला. त्याच्यावरचे ३०, ८५, ८६ आणि ८७ हे पायांचे आकडे आणि अँपिअरची क्षमता जुन्याशी ताडून घ्यावी लागते. नुसता सॉकेटात बसतो म्हणून रिले तोच असे होत नाही.

बाकीचे संशयित

सर्वच गाड्यांत दोष याच दोन जागी सापडेल, असे नाही. पहिल्या तपासणीत बॅटरी आणि तिला चार्ज करणारा अल्टरनेटर यांचे आकडे घेऊन ठेवावेत. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असावी, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. सेल्फ मारताना दाब ९.६ च्या खाली जाऊ नये; इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ यांच्या दरम्यान असावा. अल्टरनेटरचा डायोड गेला असेल, तर डीसी आकडा ठीक दिसूनही ईसीएम गोंधळतो. त्यासाठी मीटर एसीवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर मोजावे आणि अर्ध्या व्होल्टहून अधिक आले तर अल्टरनेटर उघडून घ्यावा.

किल्लीच्या जुडग्यात घराच्या, कपाटाच्या आणि दुकानाच्या किल्ल्या लटकवण्याची आपली सवय इग्निशन स्विचला जड जाते. किल्ली किंचित हलवल्यावर डॅशबोर्ड विझत असेल, तर स्विचचे आतले संपर्क झिजले आहेत. सिग्नलला उभे असताना, पाय काढल्यावरच इंजिन मरत असेल आणि धावताना कधीच मरत नसेल, तर वायरिंगच्या मागे न लागता इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीतली काजळी साफ करावी आणि निर्वाताच्या रबरी नळ्या चिरल्या आहेत का ते पाहावे.

सीएनजी किट बसवलेल्या गाडीत मात्र माझा पहिला संशय किटच्या जोडणीवर असतो. इंजेक्टरच्या वायरी कापून त्यांत किटच्या वायरी घातलेल्या असतात, आणि त्या नुसत्या पिळून वरून काळी टेप गुंडाळलेली असेल, तर दोन पावसाळ्यांत टेपचा डिंक सुटतो आणि जोड उघडे पडतात. म्युझिक सिस्टीम, सेंट्रल लॉक, मागचा कॅमेरा यांच्या जोडांचेही तेच. असे जोड कापून थिंबल दाबून आणि तापवल्यावर आक्रसून घट्ट बसणारी हीट श्रिंक नळी चढवून पुन्हा करावेत. पावसाळ्यात उंदीर बॉनेटमध्ये बिऱ्हाड करतात, हे सर्वांना ठाऊक आहे. डांबराच्या गोळ्यांनी ते जातात यावर माझा विश्वास नाही, आमच्याकडच्या उंदरांनी गोळीच्या शेजारीच घरटे केले होते.

एका गोष्टीबद्दल मात्र मला स्पष्ट लिहिले पाहिजे. अल्टरनेटर तपासण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल उपटून पाहण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी आहे. बॅटरी सुटताच अल्टरनेटरचा दाब क्षणभर कितीतरी पट उसळतो आणि त्या एका उसळीत ईसीएम जाऊ शकतो. कार्ब्युरेटरच्या काळात हे खपून गेले असेल. आपल्या गाडीला कोणी असे करू लागला, तर त्याचा हात धरावा. ईसीएमच्या आणि सेन्सरच्या सिग्नलच्या वायरींवर (मी बल्ब लावले त्या पुरवठ्याच्या वायरी निराळ्या) बल्बचा टेस्ट लॅम्पही लावू नये, कारण तो त्या वायरींना न झेपणारी वीज ओढतो. वायरीच्या आवरणाला पिनेने भोके पाडू नयेत, मागील बाजूने कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या प्लास्टिकच्या जोडणीत, पिन सरकवावी. उडालेल्या फ्यूजच्या जागी वायर किंवा चांदीचा कागद घालणे म्हणजे काय, हे ज्यांच्या गाडीतून धूर निघाला त्यांना विचारावे.

सोल्डर केलेला तो जुना रिले आणि एक पाच वॅटचा बल्ब मी समोरच्या कप्प्यात वहीशेजारी ठेवला आहे. दरवर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, सगळे दिवे आणि वायपर चालू करून पत्रा आणि ऋण खांब यांच्यामधला दाब मोजतो आणि आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहितो. यंदा तो ०.०५ आला.